निमॉनिक

बुधवार, रात्री

डिप्लोमाला ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमध्ये हा शब्द पहिल्यांदा पदरात पडला. वहीत ॲड्रेस, ओपकोड (म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमाचा आकडा) आणि निमॉनिक असे रकाने आखायचे. 'मूव्ह ए, बी' हे निमॉनिक. किटवर मात्र बोटाने दाबायचं ७८. यंत्राला आकडे पुरतात, अक्षरं आपल्यासारख्या विसराळूंसाठी. सर त्याला 'म्नेमॉनिक' म्हणायचे, आम्ही तोंडाला येईल ते. जर्नल पूर्ण करून सही मिळवण्याच्या घाईत अर्थ विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आज सुट्टी, म्हणून शब्दकोश घेऊन बसलो. मुळात विशेषण आहे: लक्षात ठेवायला मदत करणारं. पहिला एम लिहायचा आणि गिळायचा. ग्रीक लोक तो गिळत नसत. त्यांच्याकडे 'म्नेमॉन' म्हणजे ज्याला विसर पडत नाही असा माणूस. त्यावरून 'म्नेमॉनिकॉस' आणि तिथून इंग्रजी शब्द. स्मृतीची देवता म्नेमोसिनी याच गोतातली, काव्य-संगीताच्या नऊ देवता तिच्या लेकी. 'ॲम्नेशिया' आणि 'ॲम्नेस्टी'सुद्धा यातलेच. एकात आठवण आपोआप जाते, दुसऱ्यात सरकार मुद्दाम विसरतं. भाषाशास्त्रज्ञ तर हे मूळ आपल्या 'मन' आणि 'मती'पर्यंत नेऊन भिडवतात.

म्हणजे हा शब्द आधी माणसाला लागायचा. एका बादशहाला तर तो कायमचा चिकटला. इराणचा दुसरा अर्तझर्क्सीझ (इ.स.पू. ४०४ ते ३५८) ग्रीकांच्या लेखी 'म्नेमॉन' होता. त्याची एक गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवली आहे, ती वाचून दुपारची झोप उडाली. इ.स.पू. ४०१ मध्ये धाकटा भाऊ सायरस बंड करून चालून आला आणि क्युनाक्साच्या लढाईत मारला गेला. भावाला आपणच स्वतःच्या हाताने मारलं, असं साऱ्या जगाने मानावं ही राजाची इच्छा. पण सायरसला भाला लागला होता तो मिथ्रिडेटीज नावाच्या एका तरुणाचा. राजाने त्याला बक्षिसं दिली, आणि कारण जाहीर केलं ते सायरसच्या घोड्यावरची झूल आणून दिल्याचं! बिचारा गप्प बसला. पुढे एका मेजवानीत दारू चढली, कुणीतरी मुद्दाम खोदून विचारलं आणि हा बोलून गेला, की झुलीबिलीच्या गप्पा सोडा, सायरस याच हाताने पडला. राजाने त्याला हालहाल करून मारलं. ते हाल प्लुटार्कने सविस्तर दिलेत, मला इथे लिहवत नाहीत. स्वतः विसरत नाही तो म्नेमॉन, हे ठीक; पण दुसऱ्यांनी काय आठवायचं तेही हाच ठरवणार!

त्यापेक्षा मला हॅलिकार्नाससचे म्नेमॉन आवडले. आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रुम ते हे. तिथे म्नेमॉन हे अधिकाराचं पद होतं. जमिनी आणि घरांच्या वादांबद्दलचा तिथला इ.स.पू. पाचव्या शतकातला कायदा दगडावर कोरलेला आहे. म्नेमॉनांना जे ठाऊक असेल ते ग्राह्य, असं त्यात म्हटलंय. चालता-बोलता सातबाराच की! आणि असा माणूस पैसे खाऊन 'विसरला' तर काय करायचे, हा प्रश्न मला लगेच पडला. आपण कुठे राहतो त्याचा हा परिणाम.

इंग्रजीत येईपर्यंत माणूस बाजूला पडला आणि विशेषण क्लृप्तीला लागलं. आता आठवण ठेवायला ओळखीचं कुणी लागत नाही, चार अक्षरांची जोडणी पुरते. ती जोडणी लक्षात राहते यात वाद नाही. आम्ही शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकलं, ते आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण त्यात काय काय भरलंय, ते विचारू नये. संध्याकाळी भाची आली होती, तिला ते म्हणून दाखवलं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा इथपर्यंत गाडी सुरळीत चालली. मग तिने विचारलं, "पारवा म्हणजे कुठला?" मी ग्रिलवर बसलेलं कबूतर दाखवलं.

"मामा, तो ग्रे आहे. इंद्रधनुष्यात ग्रे नसतो."

नसतो खरा. तिच्या पुस्तकात 'व्हिबग्योर' (इंग्रजी रंगांची आद्याक्षरं) आहे, त्यातला इंडिगो दाखव म्हटलं, तर ती फोनवर शोधायला लागली.