हिरवं गवत दिसलं की थांबा : स्काय आणि लुईस बेटांचा गेलिक मार्ग

स्कॉटलंडच्या हायलँड्सची जाहिरात 'निर्मनुष्य निसर्ग' अशी होते. यातल्या कित्येक दऱ्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी रिकाम्या करवल्या. ते डोळ्यांसमोर ठेवून आखलेला हा सहा दिवसांचा मार्ग: इनव्हरनेस, स्काय, लुईस आणि परत. भारतीय पासपोर्टला नेहमीचा ब्रिटिश व्हिजिटर व्हिसाच चालतो. एप्रिल अखेर ते मेचा मध्य हा काळ सर्वांत बरा. पुढे मिज नावाची चिलटं जीव नकोसा करतात. शिवाय ब्रॅकन हा नेचा कमरेएवढा वाढतो आणि पडक्या वस्त्या त्यात गडप होतात.

इनव्हरनेसजवळच्या कलोडनला (१६ एप्रिल १७४६ ची, जॅकोबाइट बंड मोडणारी लढाई) सगळेच जातात. दोन तास पुरेत. खरा वेळ द्या फोर्ट जॉर्जला. गेलिक ही हायलँड्सची जुनी भाषा बोलणाऱ्या टोळ्यांवर वचक ठेवायला कलोडननंतर बांधलेला हा किल्ला १७६९ मध्ये पुरा झाला, आणि पुढे तोच हायलँड पलटणींचा तळ बनला. आतल्या संग्रहालयात हत्तीचं चिन्ह शोधा. ते आपल्या असईचं आहे. जालना जिल्ह्यातल्या या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आलेल्या ब्रिटिश फौजेत ७८ वी हायलँडर्स ही पलटण होती. ती उभारणाऱ्या मॅकेंझी सरदाराची लुईस बेटावर मालकी होती, आणि शिपायांत तिथली गेलिकभाषक कुळंही होती. ज्यांच्या भाषेला 'रानटी' ठरवून १६१६ मध्येच मोडून काढायचा हुकूम निघाला, तेच साम्राज्याची संगीन झाले. पुढचा सगळा प्रवास या गाठीसह बघावा लागतो.

दुसऱ्या दिवशी गाडीने स्कायवरचं ब्रॉडफर्ड, सुमारे दोन तास. स्कायच्या पुलावर टोल नाही. आडरस्ते एकपदरी असतात. जागा सोडण्याचा फुगवटा डावीकडे असेल तर त्यात शिरा. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला, त्याच्या समोर थांबा. मागे गाड्या साचल्या तर त्यांनाही वाट द्या. फुगवट्यात पार्किंग करू नका, गावकरी संतापतात.

तिसरा दिवस बोररेग या रिकाम्या केलेल्या गावाचा, आणि सहलीतला सर्वांत महत्त्वाचा. टोरिनच्या रस्त्यावरच्या किल क्रिस्टच्या पडक्या चर्चपासून निघा. जुन्या संगमरवर खाणीच्या रेल्वेच्या वाटेने चढून पलीकडे समुद्राकडे उतरलं की बोररेग. तिथून कड्याखालून किनाऱ्याने सुशनिश, असंच दुसरं गाव. मग कामस मालागमार्गे रस्त्याला. एकूण सोळा-सतरा किलोमीटर, पाच ते सहा तास. कड्याखालची वाट निसरडी असते, आणि सुशनिशचा चढ अरुंद. पावसानंतर लगेच जाऊ नका. पाणी, खाणं सोबत हवं; वाटेत दुकान नाही आणि मोबाइलवर भिस्त ठेवू नये. गोचीड फार, तेव्हा पँट मोज्यांत खोचा आणि संध्याकाळी गुडघ्यांमागे नीट तपासा.

वाटेत तपकिरी माळावर अचानक लख्ख हिरवं गवत दिसलं, की तिथे माणसं राहत होती असं समजा. पिढ्यान् पिढ्या टाकलेल्या शेणखताचा आणि समुद्रशेवाळाचा कस त्या मातीत अजून आहे. जवळ गेलं की भिंती दिसतात: छातीएवढ्या, चुना नाही, कोपरे वाऱ्यासाठी गोलवलेले. बाजूच्या उतारावर बोटांसारखे लांबट वाफे असतात, ते बटाट्याचे. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी किंवा दुपारनंतर, ते ठळक दिसतात. १८५३ मध्ये ही घरं रिकामी केली गेली. भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गीकी यांनी सुशनिशहून निघालेल्यांचा आक्रोश दुरून ऐकला आणि लिहून ठेवला. भिंतींवर चढू नका, दगड सुटे आहेत.

चौथ्या दिवशी स्कायवरच्या उइगहून, लुईसला जोडलेल्या हॅरिसवरच्या टार्बर्टची फेरीबोट, पावणेदोन तासांच्या आसपास. गाडी न्यायची तर जागा काही महिने आधी राखा. पायी प्रवाशाला बहुधा मिळते. वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. टार्बर्टहून लुईसचं मुख्य गाव स्टॉर्नोवे तासाभरावर.

तिथला लूज कॅसल जेम्स मॅथेसनने बांधला. त्याने १८४४ मध्ये बेट विकत घेतलं ते चीनच्या अफूच्या पैशावर. माळव्याची अफू मुंबईहून जायची, आणि त्याच्या पेढीचे मुंबईतले व्यापारी साथीदार होते जमशेटजी जीजीभॉय. दुष्काळानंतर याच मालकाने शेकडो कुळं कॅनडाला धाडली. शेजारच्या संग्रहालयात लुईसचे सहा बुद्धिबळ मोहरे आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक लंडनला.

डब्ल्यू-२ बस पश्चिम किनाऱ्याची फेरी करते: कॅलनिश (प्राचीन उभ्या शिळा), गारेनन (जुन्या घरांची वस्ती), आर्नोल. आर्नोलचं काळं घर (ब्लॅकहाउस, तिथलं पारंपरिक घर) चुकवू नका. मधोमध पीटची (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या इंधनाची) धुनी, धुराडं नाही, धूर छपरातून झिरपतो. दम्याच्या रुग्णांनी जपून. कपड्यांना वास दोन दिवस राहतो.

रविवारी ही बस नाही आणि बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सामान घ्या. मात्र गेलिक ऐकायला रविवारचं चर्चच बरं. एकजण स्तोत्राची ओळ काढतो, बाकीचे ती आपापल्या हरकतींनी ओढतात. पाहुणे चालतात, रेकॉर्डिंग नको. शब्दशः लक्षात ठेवा: आदराने आभार 'तापा लेव', सलगीत 'तापा लेत'. आपल्यासारखाच तू-तुम्हीचा भेद आहे, आणि 'तुम्ही'ला चक्क 'शिव' म्हणतात. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडभर गेलिक बोलणारे वाढले, पण या बेटांवर ते ५२ वरून ४५ टक्क्यांवर आले. म्हणून दुकानात समोरचा इंग्रजीवर गेला तरी आधी गेलिकमधून सुरुवात करा. वयस्क माणसं बहुधा थांबून उत्तर देतात.

परतीला स्टॉर्नोवे–उलापूल फेरी अडीच-पावणेतीन तास, पुढे इनव्हरनेस बसने दीडेक तास. फेरी उशिरा आली तर बस थांबते का, हे तिकीट काढतानाच विचारा.