भाईंदर ते मनोरी: बेटाच्या कडेकडेने

मुंबईकर बेटावर राहतात, पण लोकलच्या गर्दीत ते कोणाला जाणवणार? उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. साष्टी बेट चहूबाजूंनी पाण्यात आहे. डोळ्यांनी ते पाहायचं असेल तर माझ्या मते एकच रस्ता आहे: भाईंदर पश्चिमेहून उत्तन, तिथून गोराई आणि शेवटी मनोरी. जानेवारीत, भल्या सकाळी, मी आणि आई निघालो.

स्टेशनची गर्दी मागे पडली की मिठागरं लागतात. मग मुर्धा, राई, मोर्वा ही गावं. इथे रस्ता घरांच्या ओट्यांना खेटून जातो, त्यामुळे गाडी हळूच चालवावी लागते आणि तेच बरं. दारांपुढे तुळशी, थोडं पुढे गेलं की नाक्यानाक्यावर झेंडूच्या माळा घातलेले क्रूस. आई प्रत्येक क्रूसापाशी हात जोडत होती. इथले बरेच ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन (इथले मूळचे कॅथलिक) घरात मराठीच बोलतात, चर्चमध्ये मिस्साही (प्रार्थनाविधी) मराठीत होते.

उत्तनला आधी चौक गावाच्या टोकाला जावं. धारावीचा किल्ला इथलाच (शहरातल्या धारावीशी याचा संबंध नाही). आता थोडेफार अवशेष उरलेत, पण जागा पाहिली की चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तिला एवढं महत्त्व का होतं ते लगेच कळतं. समोर खाडीचं मुख आणि पलीकडे वसई. समुद्रातून वसईला जाणारं प्रत्येक गलबत इथून दिसणार. धारावीसाठी मराठे आणि पोर्तुगीज पुन्हा पुन्हा लढले. ती मराठ्यांच्या हाती पक्की आली आणि पुढे मे १७३९ मध्ये वसईही पडली. मी तिथे बराच वेळ उभा होतो. वारा भन्नाट होता.

पण उत्तनचं खरं वैभव बंदरावर आहे. किनारा दिसेल तिथवर बांबूच्या वलांड्या (मासळी वाळवायच्या चौकटी), त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, खिळा नाही की गाठ नाही. बायकांचे हात इतके भरभर चालतात की नजर ठरत नाही. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला, बाजूला वाकट्या. वास उग्र असतो, पण मला तो आवडतो. लहानपणी पावसाळ्यात आमच्या घरी हाच वास असायचा.

आईने एकीला विचारलं, "मावशी, वाळायला किती दिवस लागतात?"

"ऊन चांगला असला तर तीन दिवस. पान्याचा शिडकावा आला का सगला माल गेला," हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या.

बोंबील मिळतो डोल जाळ्यात. ही लांबलचक पिशवीसारखी जाळी समुद्रात रोवून ठेवतात आणि पाण्याच्या ओढीनेच मासळी आत शिरते. त्यामुळे होड्यांची वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरते. उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) ओढ जोरात, भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) मंद. बंदरावर आम्ही पोचलो तेव्हा दोन होड्या लागत होत्या आणि टोपल्या घेऊन बायका गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या. आम्ही आत कुठेही गाडी घातली नाही, बाहेर लावून चालत गेलो. वाळवणाच्या जागेत गाड्या नेणाऱ्यांचा मला फार राग येतो. ते लोकांचं अंगण आहे आणि कारखानाही.

उत्तन ते गोराई हा सगळ्यात देखणा टप्पा. रस्ता चढतो, वळतो, ताडांच्या रांगा लागतात आणि उजव्या हाताला मधूनच समुद्र उघडतो. वाटेतच हद्द बदलते आणि आपण मुंबई महापालिकेत येतो, पण दोन्हीकडे भातखाचरं सारखीच. गोराईजवळ खाडीच्या बाजूला विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दूरवरून दिसतो. त्याच्या प्रचंड घुमटाखाली आधाराला एकही खांब नाही, दगड एकमेकांत गुंतवून तो उभा केलाय. वेळ असेल तर आत जाऊन शांत बसावं. गोराईच्या चौपाटीवर रविवारी गर्दी असते, आम्ही थांबलो नाही.

मनोरीत रस्ता संपतो. ईस्ट इंडियन घरगुती खाणावळीत बाटली मसाल्यातली (हा ईस्ट इंडियनांचा बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला) कोळंबी आणि गरम फुगे (तळलेले गोल पाव) खाल्ले. आईने त्या घरच्या बाईंकडून मसाल्यात काय काय पडतं ते नीट विचारून घेतलं, वहीत लिहिलं.

धक्क्यावरून मार्व्याला फेरी जाते. दुचाकी तिच्यावर चढते, चारचाकी घेतात का ते मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर आल्या वाटेने परतावं लागतं. सुके बोंबील परतताना उत्तनलाच घ्या, थेट वाळवणाऱ्या बाईंकडून, आणि घासाघीस करू नका. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, वलांड्या रिकाम्या असतात. आणि जानेवारीचा दुसरा रविवार साधता आला तर खाडीपलीकडे एरंगळच्या चर्चची जत्रा असते. आमचं तिकडचं ठरलंय.