ओल्ड स्कूल रूनस्केप: पहिल्या काही तासांत काय चुकतं

ओल्ड स्कूल रूनस्केप पहिल्यांदा उघडलं की दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. चेहरे चौकोनी आहेत आणि सगळं जरा उशिरानं घडतं. चेहऱ्यांचं कारण सोपं आहे: जॅगेक्स कंपनीनं फेब्रुवारी २०१३ मध्ये हा ऑनलाइन गेम चालू केला तोच मूळ रूनस्केपच्या ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून, आणि तोही खेळाडूंनी मागणी लावून धरली म्हणून. उशिराचं कारण मात्र नीट समजून घ्यावं लागतं. नवा खेळाडू त्याला लॅग समजतो आणि नेटला शिव्या घालत बसतो.

सर्व्हर दर ०.६ सेकंदानं एकदा हिशेब करतो. हा एक टिक. चालताना एका टिकला एक घर, धावताना दोन. सिमिटारचा वार दर ४ टिकांनी होतो, लाँगस्वोर्डचा ५, दोन हातांनी धरायच्या तलवारीचा ७. लढता लढता काही खाल्लं तर पुढचा वार ३ टिक लांबतो, म्हणून प्रत्येक ओरखड्याला मासा खाणारा हरतो किंवा निदान कंटाळतो. झाड तोडताना दर ४ टिकांनी फासा पडतो. लाकूड मिळालं तर मिळालं. मधल्या वेळात दणादण क्लिक करून काही होत नाही. चांगल्या कुऱ्हाडीनं फासा जास्त वेळा आपल्या बाजूनं पडतो, एवढंच.

लेव्हलचं गणितही आधी बघून घ्या. लेव्हल २ ला ८३ एक्सपी (अनुभवाचे गुण) पुरतात, ५० ला १,०१,३३३ लागतात आणि ९९ ला १,३०,३४,४३१. ९२ व्या लेव्हलला ६५,१७,२५३ होतात, म्हणजे ९२ ला पोचलात की निम्मं अंतर झालं. पहिल्या तासात पटापट वाजणारे लेव्हलअप बघून वेग असाच राहील असं वाटतं. तो राहत नाही, आणि ज्याला ते पटत नाही त्यानं हा गेम खेळू नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक लढाईच्या टॅबमध्ये असते. तलवार धरली की ‘अॅक्युरेट’ पद्धत आपोआप निवडलेली असते आणि तिचा एक्सपी फक्त अटॅकला जातो. अटॅकमुळे वार लागण्याची शक्यता वाढते; वार किती मोठा, ते स्ट्रेंग्थ ठरवते. स्ट्रेंग्थ हवी तर ‘अग्रेसिव्ह’, डिफेन्स हवा तर ‘डिफेन्सिव्ह’. दिलेल्या दर एक डॅमेजमागे निवडलेल्या स्किलला ४ एक्सपी मिळतात, हिटपॉइंट्सचे थोडे वेगळे. शस्त्रासाठी अटॅक लागतोच: स्टीलला ५, मिथ्रिलला २०, अॅडमंटला ३०, रून धातूला ४०. मधल्या टप्प्यांत स्ट्रेंग्थ वाढवावी, म्हणजे लंब्रिज या सुरुवातीच्या गावातल्या गायी लवकर पडतात.

लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याची क्वेस्ट (कामगिरी) पहिली घ्यावी: अंडं, दूध, पीठ. अडतं ते पिठाशी. गिरणीशेजारच्या शेतातून गहू तोडायचा, वरच्या मजल्यावर चढून हॉपरमध्ये टाकायचा, लिव्हर ओढायचा, मग तळमजल्यावर येऊन पेटीतून पीठ काढायचं. त्यासाठी जवळ रिकामं भांडं हवं. ते किल्ल्याच्या स्वयंपाकघरातच पडलेलं असतं, आणि तिथून निघताना कुणीही उचलत नाही. लिव्हर विसरला तर पेटी रिकामी. दूध काढायला बादली आणि दुभती गाय हवी, मारायच्या गायींपैकी कुठलीही चालत नाही.

तिथून व्हॅरॉकला निघालात तर शहराच्या दक्षिणेला दगडांच्या वर्तुळापाशी काळे जादूगार उभे असतात, लेव्हल ७ आणि २० चे. कॉम्बॅट लेव्हल त्यांच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की ते स्वतःहून अंगावर येत नाहीत. तोवर वळसा घालून जा. मेलात तरी सगळं जात नाही. सगळ्यात किमती ३ वस्तू अंगावर राहतात, बाकीच्या थडग्यापाशी १५ मिनिटं सांभाळल्या जातात. वाइल्डर्नेसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या भागात, दुसऱ्या खेळाडूनं मारलं, तर मात्र उरलेला माल त्याचा. ‘चिलखत ट्रिम करून (सजवून) देतो’ म्हणणारा आणि पैसे दुप्पट करून देणारा, दोघेही चोर. पहिल्यांदा थोडे पैसे खरंच दुप्पट मिळतात, तेच आमिष. ट्रेडच्या दुसऱ्या पडद्यावर वस्तू पुन्हा वाचा.

मेंबरशिप घेतलीत तर आधी वॉटरफॉल क्वेस्ट करा. अटॅक आणि स्ट्रेंग्थला प्रत्येकी १३,७५० एक्सपी मिळतात, म्हणजे दोन्ही १ वरून थेट ३० वर. एवढ्यासाठी गायी मारत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. दोर लागतो आणि हवा, पाणी, माती यांचे प्रत्येकी ६ रून, म्हणजे जादूचे दगड. ग्लॅरियलच्या थडग्यात शस्त्र, चिलखत, रून यांपैकी काहीही घेऊन शिरता येत नाही. सगळं आधी बँकेत ठेवा, ताईत आणि अस्थिकलश काढून आणा, मग दोर आणि रून घ्या. धबधब्यामागच्या दारापाशी ताईत गळ्यात हवा, नुसता पिशवीत असला तर पाणी खाली वाहून नेतं. आत ८६ लेव्हलचे फायर जायंट आहेत. लढू नका, मासे खात पळा. शेवटी कलश चषकावर ‘यूज’ करायचा. घाईत चषकावर साधा क्लिक केलात तर खोलीत पाणी भरतं आणि तुम्ही पुन्हा बाहेर.