वाशी ते ठाणे, क्रूसाच्या वाटेवर

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी रात्री वाशीहून निघायचं आणि पहाटे ठाण्याच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सेला पोचायचं, असा आमच्या गटाचा बेत. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतले चौदा प्रसंग, ठाणे–बेलापूर रस्त्यावर वाटून घेतलेली. आमचं मूळ घर श्रीरामपूरकडचं. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला पायी जाणं तिथे नवलाचं नाही, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही. आईने जादा मोजे तेवढे पिशवीत कोंबले.

रस्ता चालायला वाईट आहे, हे आधीच सांगते. एका बाजूला एमआयडीसी, तिचा नाकात बसणारा वास, अंगावर येणारे ट्रक, आणि मध्येच गायब होणारा फुटपाथ. भक्तिभाव वगैरे कोपरखैरण्यापर्यंत टिकतो, मग टाचा बोलायला लागतात.

आमच्यात पन्नाशीचे एक दादा होते. पवण्याच्या एका कारखान्यातून त्यांना नुकतंच कमी केलं होतं. ही बातमी गटात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे जो तो जवळ जाऊन धीर देत होता. ‘देवावर भार टाका.’ ‘सगळं चांगल्यासाठीच असतं.’ ‘प्रार्थनेत ठेवलंय तुम्हाला.’ दादा ‘हो, हो’ म्हणायचे आणि चाल वाढवायचे. आपल्या मंडळींना धीर द्यायची फार घाई असते. समोरच्याचं ऐकवत नाही, मग एखादं वचन त्याच्या हातावर ठेवून मोकळं व्हायचं. वचन खरंच असतं, पण ते ऐकायला माणूस अजून तयार नसतो. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

घणसोलीला एक मावशी दादांच्या शेजारी आल्या. सत्तरीच्या असतील, पायात साध्या रबरी चपला. थोडा वेळ नुसत्या चालल्या. मग म्हणाल्या, “कुठल्या मशीनवर होतास रे?”

“लेथवर.”

“ते काय करतं?”

बस. तिथून रबाळ्यापर्यंत दादा बोलत होते. लोखंडाची कांब फिरते कशी, टूल कितपत आत द्यायचं, आवाजावरून धार गेलेली कशी कळते, नवीन पोरं माप घेताना कुठे घाई करतात. अंधारात त्यांचे हात हवेत काहीतरी कातत होते. मावशींना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण पुढचा प्रश्न नेमका असायचा. कामावरून काढलं त्या दिवसाबद्दल त्यांनी विचारलंच नाही. ते दादांनीच मग सांगितलं. लॉकरमधला डबा आणायचाही राहिला होता त्यांचा.

मला लूकच्या शुभवर्तमानातला अम्माऊसचा रस्ता आठवत होता. येशूच्या मरणाने खचून दोघे शिष्य गावाकडे निघालेले, आणि पुनरुत्थित प्रभू अनोळखी होऊन त्यांच्यासोबत चालू लागतो. यरुशलेमात काय घडलं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी तो विचारतो, “कोणत्या गोष्टी?” आणि त्यांना सगळं सांगू देतो. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतरचं.

रबाळ्याला पाचवं स्थानक झालं. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, त्याला धरून येशूचा क्रूस उचलायला लावला. स्वतःहून आलेला नव्हता, हे मला नेहमी बरं वाटतं.

ऐरोलीजवळ मावशी म्हणाल्या, “माझ्या भाच्याचं रबाळ्यात वर्कशॉप आहे. काम देईल की नाही माहीत नाही. पण सोमवारी मी येते तुझ्याबरोबर. हा माणूस हाताचा चांगला आहे, एवढं सांगेन.”

“तुम्हाला काय ठाऊक माझा हात?”

“दोन स्टेशनं ऐकतेय की!”

दादा त्या रात्री पहिल्यांदा हसले. बायबलमधल्या बर्णबाने शौलासाठी, म्हणजे पुढच्या संत पौलासाठी, हेच केलं होतं. शौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, म्हणून यरुशलेममधले शिष्य त्याला भीत होते, त्याच्या बदलण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. बर्णबाने त्याला घरी बसवून उपदेश नाही केला, त्याला घेऊन प्रेषितांपुढे उभा राहिला.

दिघा, विटावा, कळवा नाका. या पट्ट्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की फोड आलेले लोक प्रार्थना मोठ्याने म्हणतात.

कळव्याच्या पुलावर उजाडलं. तिथे फादरांनी ठाण्याच्या हुतात्म्यांची गोष्ट काढली. साल १३२१. तोलेंतीनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन संघाचा संन्यासी आणि त्याचे तीन सोबती केरळातल्या कोल्लमला निघाले होते, जहाज लागलं ठाण्याला. तेव्हा इथे नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची १५ घरं होती, त्यातल्या एका घरात ते उतरले. एके दिवशी त्या घरच्या नवऱ्याने बायकोला मारलं. तिने काझीकडे दाद मागितली. पुरावा काय, असं विचारल्यावर तिने घरातल्या पाहुण्यांचं नाव सांगितलं. त्यांना बोलावणं गेलं, तिथे धर्मावरून वाद पेटला, आणि अखेर चौघांचेही जीव गेले. जॉर्डनस नावाच्या धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिक या प्रवासी संन्याशाने अस्थी चीनला नेल्या आणि ही हकीकत सांगून ठेवली.

“आणि त्या बाईचं काय झालं?” मावशींनी विचारलं.

फादर थांबले. “तिच्याबद्दल ओदोरिक पुढे काही सांगत नाही, मावशी.”

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, मी कधी हे विचारलं नव्हतं. इतर कुणी विचारल्याचंही आठवत नाही.

मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांच्या वेळी मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “मार खाऊन दाद मागायला गेलेल्या त्या बाईसाठी.” ठाण्याची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. आमच्या बाकांवरून मात्र “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक” जोरात आलं.

बाहेर तलावपाळीवर चहा घेताना त्या दादांना बजावत होत्या, “सोमवारी दहाला, रबाळे स्टेशन. आयटीआयचं सर्टिफिकेट आण. आणि आधारकार्ड विसरू नकोस, गेटवर आत सोडत नाहीत.”