वहीतला शेवटचा रकाना

खाण्याची डायरी लिही म्हटलं की लोक लगेच कॅलरी मोजायचं अ‍ॅप डाउनलोड करतात. मला ते झेपलं नाही, एक वाटी आमटी म्हणजे कोणाच्या घरची वाटी, फोडणीत तेल किती, पोळीला तूप लावलंय का, हे सगळं भरेपर्यंत आमटी थंडगार. मग साधी शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले. वेळ, काय खाल्लं, खरंच भूक होती का, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं.

सगळी गंमत या शेवटच्या रकान्यात आहे. काय खाल्लं ते तर माहीतच असतं हो, शेव, खारी, चहासोबत बिस्किटं. पण "आधी काय चाललं होतं" खाली पुन्हा पुन्हा तेच यायला लागलं, ऑफिसचा कॉल आत्ताच संपला, लेकीच्या गणितावरून वाजलं, गॅससमोर उभी होते. वेळ पण ठरलेली, संध्याकाळी सहा ते साडेसात. आणि तिसऱ्या रकान्यात कधी हो, कधी नाही, म्हणजे फरसाणचा डबा एकच पण तो उघडायची कारणं दोन. दुपारी साडेबाराला जेवायचं आणि मग रात्री नऊपर्यंत नुसता चहा, त्यात भूक लागणारच ना, तिथे मनाला आवर घाल वगैरे सांगून काय उपयोग? आता पाचला फुटाणे-शेंगदाणे नाहीतर सकाळचं थालीपीठ खाते. डोकं फिरलेलं असेल तर मात्र खाऊन ते ठिकाणावर येत नाही, तेव्हा सरळ चप्पल घालून खाली एक चक्कर.

अजून एक सापडलं, "टाकायला नको म्हणून". लेकीच्या ताटातला वरणभात, पातेल्यात उरलेली भाजी, हे आपण खाल्लं म्हणून धरतच नाही. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, डाएट करूनही वजन हलत नाही म्हणणाऱ्या 10 जणांचं खाणं खरोखर मोजलं तर त्यांनी सांगितलेलं खाणं सरासरी 47 टक्के कमी निघालं. मला नाही वाटत ते मुद्दाम लपवत होते, पातेल्यातलं कोण लक्षात ठेवतं! आणि उपासाचं तर बोलूच नका, एकादशीचं पान सगळ्यात भरलेलं, साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस.

एकच नियम पाळते, लिहायचं ते खायच्या आधी. रात्री आठवून लिहिलं की हिशोबात शेव आपोआप कमी होते. आधी लिहिलं की कधीकधी पेन खाली ठेवेपर्यंत खायची इच्छाच जाते, कधी नाही जात, मग खाते. वहीत "पाप", "चीट" असले शब्द लिहायचे नाहीत, ते लिहायला लागलात की तुम्ही वहीपासून पण लपवणार. आणि हो, ज्यांना खाल्ल्यावर स्वतःचीच किळस येते, जे उलटी काढतात किंवा दिवसदिवस उपाशी राहतात, त्यांनी हे एकट्याने करू नका, आधी डॉक्टरांशी बोला, नोंदी ठेवून तो त्रास वाढूही शकतो.

बहीण विचारत होती दिवाळीत पण लिहिणार का. लिहिणार, पण त्या चार दिवसांत एकच शब्द, "फराळ". चकल्या मोजत बसायला मला वेळ नाहीये.