चादर उलटून बघ

सोमवार, रात्री उशिरा

दिवस एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गेला. वीस बाय दहाचा. मधे साहेब, वरच्या पट्टीत साहेबांचे साहेब, खाली शुभेच्छुकांची रांग. शुभेच्छुकांच्या फोटोंचे आकार मी ठरवत नाही, ते ठरूनच येतात. कुणाचं डोकं शेजारच्यापेक्षा बोटभर मोठं झालं की रात्री अकराला फोन. आज असे तीन-चार फोन झाल्यावर सगळीच डोकी मोठी करून टाकली. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलेल्या माणसाला यात नक्की कोण दिसणार, हे विचारायची सोय नाही. पैसे मात्र वेळेवर येतात, त्यामुळे माझं काही म्हणणं नाही.

या कामानं एक सवय लावली. कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी बघते, नजर पहिली कुठे जाते? तिथून दुसरी कुठे? आणि तिथून बाहेर पडते का आत फिरत राहते? पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. ट्राममधून जाणाऱ्याला क्षणात कळलं पाहिजे, असं काम. तिथे तासन्‌तास उभं राहून बघणारा प्रेक्षक नसतोच. मला वाटतं हल्ली मोबाइलवर चित्र बघणारा माणूसही तसाच आहे, फक्त ट्रामच्या जागी अंगठा आला.

रात्री जेवणं झाल्यावर स्वतःचं काम उघडलं. गड्ड्याचं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेचं पुस्तक. सोळा पानं, एकही शब्द नाही.

मंगळवार

उकाडा. खोलीत बसवेना म्हणून टॅबलेट नि लॅपटॉप घेऊन गच्चीत. हा बिनस्क्रीनचा टॅबलेट आहे, हात खाली चालतो आणि नजर समोर. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही, मानही दुखत नाही. सॉफ्टवेअर क्रिटा, फुकटचं. महागड्या ब्रशांचे संच विकत घेणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण कथा सांगणारा ब्रश अजून कुणी विकायला काढलेला नाही.

गोष्ट इथे लिहून ठेवते, म्हणजे भरकटायला होणार नाही. एक लहान मुलगी आजोबांबरोबर संमती कट्ट्याकडे, म्हणजे यात्रेतलं प्रतीकात्मक लग्न लागतं तिथे, निघालीय. अक्षता सोहळा, जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास. मुठीत अक्षता. वाटेत गर्दी, ढकलाढकली, नंदीध्वज (मिरवणुकीत पेलत नेतात त्या उंच काठ्या), हलगी, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. ती मूठ काही सोडत नाही. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' असा घोष होतो, सगळ्यांचे हात वर जातात, तीही मूठ उघडते, आणि घामानं अक्षता तळव्याला चिकटलेल्या. एक दाणा सुटत नाही. मग रात्र, होम मैदान, गड्डा, आकाशपाळणा. पाळणा वर गेल्यावर ती हात झटकते आणि अख्ख्या गड्ड्यावर अक्षता पडतात.

एवढंच. कुंभारकन्येची मूळ कथा सोलापुरात सगळ्यांना माहीत असते: सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा तिचा हट्ट, योगदंडाशी लग्न लावायला मिळालेली परवानगी, त्या योगदंडाचं प्रतीक म्हणजे नंदीध्वज. ती मी सांगत बसणार नाही. बाहेरच्या वाचकाला एका मुलीची मूठ कळली तरी पुरे.

बुधवार

आज छोटी रेखाटनं. प्रत्येक पान दोन इंचांत, फक्त तीन छटा: काळा, मधला राखाडी, पांढरा. रंग नाही, चेहरा नाही, झूम करायला बंदी. दोन इंचांत जे दिसत नाही ते ए-फोरवरही दिसत नाही, फक्त झाकलं जातं.

अडचण अशी की नंदीध्वजाच्या मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत. दुपारचं ऊन, पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या आणि त्यात उडणाऱ्या अक्षता. पांढऱ्यावर पांढरं.

तेवढ्यात शेजारचे काका वर आले, वाळवणातल्या पापड्या उचलायला. काकांनी अख्खी हयात चादरींची डिझाइनं काढली. पूर्व भागातल्या कारखान्यांत त्यांच्या हातचे मोर नि फुलं कितीतरी वर्षं विणली गेली. त्यांचं काम ग्राफ पेपरवर. भरलेला चौकोन म्हणजे तिथे उभा धागा वर, रिकामा म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. कार्डांची माळ जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढली की माग ग्राफ वाचायला लागतो. अर्धा चौकोन भरायची सोय नाही. धागा एकतर वर, नाहीतर खाली.

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काय करायलीस गं हे?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "उलटून बघ की. चादर कशी उलटून बघतो तसं."

सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी चालते हे कोण जाणत नाही. नक्षी तीच, रंग अदलाबदल: वर गडद जमिनीवर फिकट मोर असेल तर खाली फिकट जमिनीवर गडद मोर. काकांची कसोटी अशी की उलट्या बाजूनंही मोर मोरच दिसला पाहिजे. दिसला नाही तर मोराभोवतीची जागा नीट कापलेली नाही. दोष मोरात नसतो, जमिनीत असतो.

मी कंट्रोल-आय दाबलं, काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. गर्दी काळी झाली आणि मुलगी त्यात विरघळली. मुठीचा तर पत्ताच नाही. काका पापड्यांची परात घेऊन खाली गेले, मी बसले जमीन कापत.

जपानी चित्रकलेत या गडद-फिकट मांडणीला नोतान म्हणतात. आर्थर वेस्ली डाऊ या अमेरिकन चित्रशिक्षकानं १८९९ सालच्या आपल्या पुस्तकातून ती विद्यार्थ्यांपर्यंत नेली. यूट्यूबवर यावर ढिगानं धडे आहेत, मी बरेच पाहिलेत. पण "जमीन नीट काप" हे त्यातल्या कुणी म्हटलेलं आठवत नाही.

बारा वाजता जे हाती लागलं ते असं. दिवसाच्या पानांत मुलगी गडद: जांभळा खणाचा परकर, काळ्या वेण्या. बाकी सगळं फिकट, अगदी जिथे मोह होईल तिथेही. रात्रीच्या पानांत उलट: गड्डा गडद आणि मुलगी दिव्याच्या उजेडात फिकट. पुस्तकाच्या दोन बाजू. आणि यातूनच गोष्टीचंही एक कोडं सुटलं. दुपारी तिच्या अक्षता पडल्या असत्या तरी पांढऱ्या गर्दीवर कुणाला दिसल्या नसत्या. रात्री काळ्या आभाळावर एकेक दाणा दिसणार. अक्षता चिकटण्याचा प्रसंग मी गंमत म्हणून घातला होता. आता त्याला चित्राच्या बाजूनंही कारण मिळालं.

शुक्रवार

काल काही नाही. पाणी येण्याचा दिवस, सगळं घर भरण्यात गेलं.

आज भावाला कपडे वाळत घालायचा बांबू दिला आणि गच्चीत उभं केलं. "अक्का, किती वेळ?" म्हणत होता, पण उभा राहिला. नंदीध्वजाचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत. फोटोत माणूस नि काठी दिसते, पेलणं दिसत नाही. बांबू उभा धरून भाऊ दोन पावलं चालला तेव्हा बघितलं: गुडघे सैल, पोट पुढे, मान मागे, आणि नजर सतत वरच्या टोकाला. पायाखाली काय आहे हे तो बघतच नव्हता. टोक डावीकडे कललं की डोकं न हलता कंबर डावीकडे जाते. पाय मागून येतात.

अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची रेखाटनं केली, चेहरा न काढता. नुसत्या काळ्या आकृतीतून "हा जड काहीतरी पेलतोय" हे कळलं तर ती ठेवायची. बऱ्याच गेल्या. ठेवलेल्यांपैकी एक फार चांगली आहे, त्यात तो बांबू टाकून पळायच्या बेतात आहे. ती या पुस्तकात नाही चालणार, पण जपून ठेवतेय.

शनिवार

दिशेचा विचार. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून मिरवणूक उजवीकडेच चालली पाहिजे. मिरवणूक निघते त्या हिरेहब्बू वाड्यापासून संमती कट्ट्यापर्यंत एकाही पानावर तोंड फिरता कामा नये. मधेच छान कोन सापडला म्हणून पलीकडच्या बाजूनं दाखवलं तर वाचणाऱ्याला वाटेल लोक घरी परत निघाले. सिनेमावाले कॅमेरा पात्रांच्या चालण्याच्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवतात तो याचसाठी. रात्रीच्या पानांत मात्र मी दिशा मुद्दाम मोकळी सोडणार, गड्ड्यात कोण सरळ चालतं?

दुसरं, पान उलटणं. सोळा पानांच्या पुस्तकात आठ-नऊ हे मधलं जोडपान, पिना तिथेच येतात. अक्षतांचा क्षण तिथे. म्हणजे सातवं, उजव्या हाताचं पान, फक्त वर जाणारे हात. पुढे काय होतं ते बघायला पान उलटावंच लागेल. आठ-नऊवर पसरलेली गर्दी, आणि पिनेच्या घडीत मूठ येऊ द्यायची नाही. छापखान्यात असल्या गोष्टींवर कुणी टोकत नाही, छापून हातात आल्यावरच कळतं.

संध्याकाळी पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायच्या कोकणातल्या कलेची, चित्रं परत बघितली. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून त्यांची पोथ्यांची पानं नेटवर सहज सापडतात. आकृत्या एका बाजूनं, डोळे मोठे, मागची जमीन जवळजवळ मोकळी. मला नेहमी वाटायचं, इतकी मोकळी का? कारण समोर गाणारा माणूस बसलेला असतो. पाऊस, रात्र, रण हे तो आवाजानं भरतो. चित्रानं फक्त कोण, कुणाकडे बघतंय एवढं सांगायचं. माझ्या पुस्तकात गाणारा कुणी नाही, म्हणून मला गर्दी, ऊन, वेळ हे सगळं दाखवावं लागणार. पण "कोण कुणाकडे बघतंय" हे उचलण्यासारखं आहे. प्रत्येक पानावर निदान एका माणसाची नजर मुठीकडे: पानवाला, पोलीस, एक बकरी. बकरी तर हवीच.

रविवार

कच्च्या पानांची प्रिंट काढून, पिना मारून, वरच्या मजल्यावरच्या दुसरीतल्या पोरीला दिली. एक शब्द सांगितला नाही. ती मोठ्यानं गोष्ट सांगत गेली, मी लिहून घेत गेले.

पहिली सात पानं सुतासारखी सरळ. बकरीवर थांबली, म्हणाली, "हिला तांदूळ खायचेत." बरोबर. आठ-नऊला स्वतःची मूठ उघडून बघितली. माझ्याकडे नाही, मुठीकडे बघितलं. याहून मोठी पावती मला नको.

अकराव्या पानावर मात्र गोष्ट हातातून निसटली. "आता ती फुगा घेणार." फुगेवाल्याला मी गमतीनं जरा जास्त उजेड दिला होता, मुलीपेक्षाही जास्त. मोठ्या माणसांनी हे पान चार वेळा बघितलं, कुणी काही बोललं नाही. फुगेवाला आता अंधारात, पाठमोरा.

शेवटी तिनं विचारलं, "पाळण्यात आजोबा का नाहीत?"

मला पाळण्यात मुलगी एकटी हवी होती, मोठ्या आभाळात एकटी. पण प्रश्न रास्त आहे. सहा-सात वर्षांच्या पोरीला एकटीला कोण बसू देईल? म्हणजे तेराव्या पानावर आजोबा खाली हवेत आणि ते खाली का राहिले हेही दिसायला हवं. घाबरले म्हणून, की गुडघे दुखतात म्हणून? घाबरलेला माणूस पाळण्याकडे बघणार नाही. गुडघेदुखीवाला वर बघेल, एक हात मांडीवर दाबून, अंग एका पायावर टाकून. मला दुसरा हवाय.

आईला विचारलं, जरा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहतेस का. म्हणाली, "गुडघे दुखतायत, उद्या बघू." म्हटलं, तसंच उभी राहा, हलू नकोस.