टीपॉयला वळसा

पहाटे सव्वापाच वाजता आमचा हॉल कसा दिसतो, हे मला ठाऊक नाही. मी दिवा लावत नाही. हॉलमधल्या दिवाणावर सासूबाई झोपतात आणि त्यांची झोप दुधावरच्या सायीसारखी, नुसती फुंकर बसली तरी सुरकुतते. त्या उठल्या की चहा, चहाबरोबर कालच्या मालिकेत काय झालं ते, आणि तेवढ्यात सहा वाजून जातात. म्हणून मी अंधारातच निघते. बेडरूमच्या दारापासून चपलांच्या कपाटापर्यंत सतरा पावलं. पहिली चार ज्यूटच्या गालिच्यावर, खरखरीत. मग गुळगुळीत, गार फरशी. आणि नवव्या पावलाला टीपॉय.

टीपॉय होता, असं म्हणायला हवं. त्याच्याकडे येतेच.

तीन वर्षांपूर्वी आम्ही घर ‘करून घेतलं’. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागचा हा फ्लॅट १९८९ सालचा. मोझेकची फरशी, लोखंडी ग्रिल, आणि हॉलची एक अख्खी भिंत खाणारं सनमायकाचं शोकेस. त्यात नवऱ्याचे शाळेतले वक्तृत्वाचे कप, चिनी मातीचा एक हंस आणि लग्नात आलेले सहा पेले, जे कुठल्याच पाहुण्याला त्या दर्जाचं न मानल्यामुळे कधी बाहेर निघाले नाहीत. इंटिरियरचं काम करणारा मुलगा आला, लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, “मॅडम, तुमची स्टाइल काय?”

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये मात्र दोन वर्षं साठवलेले फोटो होते. पांढरे पडदे, बरणीत एकच वाळकी फांदी, उन्हाचा तिरका कवडसा, आणि सोफ्यावर पालथं घातलेलं एक पुस्तक, ज्याच्यावर आयुष्यात कुणी चहा सांडलेला नाही. मी म्हटलं, “साधी.”

“म्हणजे मिनिमल,” तो म्हणाला. साधी आणि मिनिमल यांच्यातला फरक मला बिलात कळला.

मोझेक उखडलं, दोन छोटा हत्ती भरून राडारोडा गेला. (आता तीच ठिपक्यांची फरशी ‘टेराझो’ म्हणून मासिकांत झळकते. हा विषय आमच्या घरात काढायचा नाही असं ठरलेलं आहे.) शोकेस गेलं, हंस गेला. भिंती, पडदे, सोफा सगळं एकाच रंगाचं. बेजला मराठीत काय म्हणायचं असा मला प्रश्न पडला होता, तो सासूबाईंनी सोडवला. “ताकाची निवळी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या लग्नातलं, भांडी बाजारातून घेतलेलं पितळी घंगाळ मी माळ्यावरून काढलं, चिंच लावून लखलखीत केलं आणि दाराशी ठेवून त्यात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. येणारा-जाणारा वा म्हणायचा. सासूबाई म्हणायच्या, “यात आम्ही बाळंतिणीचं पाणी काढायचो.” आणि या सगळ्याच्या मधोमध काळ्या लोखंडी पायांचा, वर संगमरवरासारखा दिसणारा दगड असलेला तो टीपॉय. कोपरे असे, की त्यावर लिंबू कापावं.

धावण्याचा या गोष्टीत प्रवेश झाला तो चपलांच्या कपाटातून. लेक बंगलोरला शिकायला गेली आणि जाताना तिचे धावायचे बूट विसरली. विसरली म्हणजे ठेवून गेली. जवळजवळ नवे, झगझगीत पोपटी रंगाचे. कपाट उघडलं की ते आतून ओरडायचे. टाकवत नव्हते, आणि द्यावेत तर ओळखीत सहा नंबरचं कुणी सापडेना. माझं माप साडेसहा. एका रविवारी उगीच पाय घालून पाहिले, गेले. घातलेच आहेत तर गोल्फ क्लबला एक चक्कर मारून येऊ, म्हटलं.

बाहेरगावच्यांसाठी सांगायला हवं, की आमच्या गोल्फ क्लबवर गोल्फ खेळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात आणि बाकीच्या दिवसांत कडेच्या ट्रॅकवर सगळं गाव मधुमेहाशी लढत असतं. नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या आजी, फोनवर जमिनीचे व्यवहार करत चालणारे काका, आणि मधूनच कुणी तरी हरणासारखी पोर सप्पकन निघून जाते.

लेकीने फोनवर सांगितलं, “आई, एकदम नको धावूस. नऊ आठवड्यांचा प्रोग्रॅम असतो.” १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो आखला, पन्नाशीतल्या आपल्या आईला झेपावा म्हणून. हे कळल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. आठवड्यातून तीनच दिवस. सुरुवातीला पाच मिनिटं झपझप चालायचं, मग साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. नवव्या आठवड्यात तुम्ही न थांबता अर्धा तास धावता.

साठ सेकंद! कुकरची पहिली शिट्टी यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मी निघाले ती लोकलच्या मागे सुटल्यासारखी. विसाव्या सेकंदाला छातीत लोहाराचा भाता, चाळिसाव्याला तोंडात लोखंडाची चव. तिसऱ्या खेपेला मी ‘धावत’ असताना कानटोपीतले एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले, आणि जाता जाता म्हणाले, “सावकाश, ताई. मैदान कुठे जात नाही.”

धावण्याबद्दल मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला. नंतर वाचलं तेही हेच, की नवशिक्याने इतकंच जोरात धावावं, की धावता धावता वाक्य पुरं बोलता येईल. एकटी कुणाशी बोलणार, म्हणून मी पंधराचा पाढा म्हणते. पंधरा चोक साठला दम लागला तर वेग जास्त झाला. दाही दीडशेपर्यंत नीट पोचले तर बरोबर. मैदानावर मला पाढेवाल्या काकू म्हणत असतील. म्हणोत.

आमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ जिंकलं होतं. तेव्हा टीव्हीसमोर बसून, तोंडात शेंगदाणे टाकत, मी म्हटलं होतं, “जरा लवकर वेग वाढवायला हवा होता.” दहा हजार मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या, आणि ती त्या साधारण तेहतीस मिनिटांत धावली. ते शेंगदाणे मला अजून बोचतात.

पावसाळ्याची अखेर होती. बूट रोज भिजायचे. उन्हात टाकले तर गोंद सुटतो, म्हणून रात्री त्यांच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि मध्ये एकदा बदलायचे. बूट दाराबाहेर ठेवावेत, तर सोसायटीतल्या कुत्र्याला त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा. म्हणजे ताकाच्या निवळीच्या हॉलमध्ये, बरणीतल्या वाळक्या फांदीशेजारी, बातम्या चघळत बसलेले दोन पोपटी बूट. गॅलरीत जिथे विणलेली गोल खुर्ची आणि मनीप्लांट अशी ‘कॉर्नर’ची रचना होती, तिथे दोरी आली, दोरीवर घामाचे टी-शर्ट आले. मला वाईट वाटायचं. दोन वर्षं फोटो जमवले ते काय यासाठी?

सहाव्या आठवड्यात पायाच्या अंगठ्याचं नख काळं झालं आणि उजवी नडगी दुखायला लागली. बूट अर्ध्या नंबरने लहान, नखाचं कारण उघड होतं. नडगीचं कारण फिजिओने सांगितलं. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. धावताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार पायावर येतो. “तुमचं हृदय पुढे गेलंय आणि पाय मागे राहिलेत,” ती म्हणाली. सत्तेचाळिसाव्या वर्षी असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. दहा दिवस विश्रांती, मग पुन्हा चौथ्या आठवड्यापासून.

विश्रांतीनंतरचा पहिला दिवस. सव्वापाच, अंधार, नववं पाऊल जरा उजवीकडे पडलं आणि टीपॉयचा कोपरा बरोबर त्याच नडगीत बसला. डोळ्यांपुढे काजवे. आवाज नको म्हणून ओठ दाबून मी तिथेच फरशीवर बसले.

“लागलं का गं?” दिवाणावरून आवाज आला.

“तुम्ही जाग्या आहात?”

“रोजच असते. चार वाजल्यापासून. तू दिवा लावत नाहीस, म्हणून मीही हलत नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मेला मलाही दोनदा लागलाय. रात्री उठते तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझ्या हौसेचा होता.”

त्याच रविवारी टीपॉय भाचीच्या नव्या फ्लॅटवर गेला. तिला तो फार आवडला. मी तिला कोपऱ्यांबद्दल सांगितलं, पण नव्या घराच्या नादात माणसाला कोपरे ऐकू येत नाहीत. नवरा दोन दिवस चहाचा कप हातात धरून, तो ठेवायचा कुठे म्हणून हॉलभर फिरला, आणि तिसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लागला. मधली जागा मोकळी झाली. परत आल्यावर मी तिथे पोटऱ्या ताणते, तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून गुडघ्याचे व्यायाम करतात आणि मला दटावतात, “पाय सरळ.” घंगाळातल्या पाकळ्याही गेल्या. त्यात गरम पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून “बुडव पाय” असा हुकूम झाला. मिठाने पोटरीचं काय भलं होतं याबद्दल फिजिओ फारशी उत्साही नव्हती. पण गरम पाण्यात पाय सोडून बसल्यावर, पितळेचा जाड काठ टाचेला लागतो तेव्हा, मला तिचं म्हणणं आठवत नाही.

मग नवे बूट. खरेदीला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय जरा सुजतो, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी, एवढं आता मला कळत होतं. दुकानातल्या मुलाने विचारलं, “मॅडम, तुमची रनिंग स्टाइल कशी आहे?”

पुन्हा तेच! या वेळी मी गप्प बसले. त्याने मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्या पायातले बूट काढायला लावले, उलटे केले आणि तळव्यांवरून अंगठा फिरवला. “टाचेला बाहेरून झिजलेत. उजवा जास्त.” माझी स्टाइल ही अशी, बुटाच्या तळाला लिहिलेली, आणि मी चार महिने ती पायाखाली घेऊन फिरत होते. तीन जोड काढले, घालून दुकानाबाहेर फुटपाथवर धावायला लावलं. सगळ्यांत सुखाचा जो वाटला तो करड्या रंगाचा निघाला. पोपटी होता, पण तो पायाला नको होता. मला मनातून थोडं चुकचुकलंच.

त्या दिवसापासून एक खोड लागलीय. कुठे गेले की झीज बघते. सासूबाईंच्या माहेरी पंचवटीतल्या वाड्याचा उंबरा होता, मधोमध खोलगट झालेला. पाणी सांडलं की तिथे तळं साचायचं. आमच्या देवघरातली सहाण तशीच, मध्ये वाटीसारखी. आमच्या करून घेतलेल्या घरात झीज शोधायला गेले तर सुरुवातीला काहीच सापडेना, सगळं कसं बिलातल्यासारखं. मग सोफ्याचा डावा हात दिसला, नवऱ्याच्या कोपराने तुकतुकीत झालेला. ज्यूटच्या गालिच्यावर चार पावलांची फिकट वाट दिसली. इंटिरियरवाला मुलगा कपाटाची बिजागरी बसवायला आला होता, तो म्हणाला, “मॅडम, हा गालिचा बदलून टाकू. ट्रॅफिक एरिया आहे.” मी राहू दे म्हटलं.

नऊ आठवड्यांना मला एकोणीस लागले. जानेवारीचा पहिला आठवडा, पेपरात निफाडचा पारा, मैदानावर शेकोट्या. त्या सकाळी न थांबता तीस मिनिटं झाली. अंतर साडेतीन किलोमीटर, म्हणजे पळण्यापेक्षा रमतगमत जाणं. कानटोपीवाल्या आजोबांना मी एकदा मागे टाकलं. ते थांबून बुटाची नाडी बांधत होते, पण टाकलं ते टाकलं.

लेक दिवाळीला परीक्षेमुळे आली नव्हती. ती संक्रांतीला आली, रात्रीच्या बसने, पहाटे पावणेपाचला. बॅग दारातच टाकली, चपला काढल्या आणि पाण्यासाठी स्वयंपाकघराकडे निघाली. आजी झोपलीय म्हणून तिनेही दिवा लावला नाही. मी बेडरूमच्या दारात उभी होते. बाहेरच्या दिव्याचा उजेड पडद्यातून जेमतेम येत होता. हॉलच्या मधोमध आल्यावर तिची पावलं मंदावली आणि ती सवयीने डावीकडून, मोकळ्या फरशीला मोठा वळसा घालून गेली.

दिवाणावरून आवाज आला, “नाहीये गं तो आता तिथे. सरळ ये.”